फाट्याच्या तळातले तीनशे डोळे

इब्राहिम मुलाणीच्या बापानं त्याला विहीर बांधायला शिकवली ती कोरड्या दगडात. दगडावर दगड, सांध्यात चिपा, आणि चुन्याचं बोटसुद्धा लावायचं नाही. "भित माती अडवायला असती, पाणी अडवायला न्हाय," बाप म्हणायचा. "पाणी आपल्या पायानं येतंय, त्येला दार ठेव." निरवांगीच्या वाटेवर कालव्याचा एक फाटा जातो. त्याच्या कडेच्या वाडीत आणि आसपासच्या शिवारात इब्राहिमनं अशा एकेचाळीस विहिरी बांधल्या. मग दगड महाग झाला, सिमेंट स्वस्त झालं, आणि लोकांना गुळगुळीत भिंत आवडू लागली.

पोट होतं, तोही सिमेंटकडे वळला. वाडीतली अंगणं त्यानंच केली. गोठे केले, शाळेपुढचं मैदान केलं, ओढ्याचा घाट केला. पाऊस पडला की पाणी पूर्वी जिथं मुरायचं तिथून आता रस्त्यावर पळायचं, आणि लोक म्हणायचे, चिखल गेला, बरं झालं. देवळापुढच्या लिंबाचा पार त्यानं थेट बुंध्यापर्यंत काँक्रीटनं भरून दिला. लोकांना बसायला ऐसपैस जागा झाली. तिसऱ्या वर्षी लिंब वाळला. वय झालं होतं झाडाचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याची बायको लैला तेवढी म्हणाली, "तुमी त्येच्या नरड्याला फास लावलासा." इब्राहिम त्या पारावर पुन्हा बसला नाही.

फाट्याला अस्तर घालायचं ठरलं तेव्हा तो बासष्टीचा होता.

फाटा मातीचा होता, त्याच्या आज्याच्या वेळी खणलेला. गळका होता यात वाद नव्हता. त्याच्या गळण्यावरच दोन्ही अंगांच्या विहिरी जगत होत्या, करंज आणि जांभळी उभ्या होत्या, काठाच्या गवतात खेकडे होते. बैठकीत कालव्याचे साहेब म्हणाले, निम्मं पाणी मुरून वाया जातं, शेवटच्या टोकाला पोचतच नाही. तेव्हा शकुबाई उठली. पाऊण एकरात भेंडी आणि मेथी करून इंदापूरच्या बाजारात विकणारी ही बाई, वाडीच्या पिण्याच्या पाण्याची विहीर तिच्याच रानात. ती म्हणाली, "साहेब, माज्या हिरीत आलेलं पाणी वाया कसं गेलं? मी काय मानूस न्हाय व्हय?"

अस्तर नको म्हणून वाडी नऊ दिवस फाट्याच्या कोरड्या पात्रात बसली. पुढं होता सर्जेराव. सर्जेराव आणि इब्राहिम एका वर्गात होते, एका विहिरीत पोहायला शिकले होते. गावात सगळे त्याला तात्या म्हणत, इब्राहिम एकटा सर्ज्या म्हणे. नऊ दिवस दोघांनी एका फडक्यातली भाकरी खाल्ली.

दहाव्या दिवशी तोड निघाली. अस्तर होईल, पण विहिरींच्या बाजूनं सहाशे मीटरच्या टप्प्यात तळाला भोकं ठेवायची, म्हणजे पाणी मुरत राहील. गवंडी अशा भोकांना डोळे म्हणतात. डोळे खरोखर ठेवले जातील याची खात्री कोण देणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सर्जेरावानं इब्राहिमच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो देईल. डोळं इब्रा घालंल. आता कुणाला शंका?"

कुणाला नव्हती. शकुबाई पात्रातच बसून होती. तिनं इब्राहिमकडं बघितलं. "दादा, तुमी म्हणता म्हणून मी उठते."

"उठा," इब्राहिम म्हणाला. "मी जित्ता हाय तवर तुमच्या हिरीचं पाणी अडणार न्हाय."

शब्द मोठा होता. त्याला तो जड वाटला नाही, कारण काम त्याच्या हातात होतं.

ठेकेदाराच्या माणसाला, संदेशला, त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं की डोळ्यांच्या खाली नऊ इंच वाळू पाहिजे, नाहीतर गाळ बसून डोळे आंधळे होतील. संदेश हसला. "चाचा, वाळूचा भाव माहिताय का? सोन्याची साखळी टाकू का त्यापेक्षा?" वाळूवरून चार दिवस तंटा चालला. आणि मध्येच पीरसाहेबाचा उरूस आला.

उरसात सगळी वाडी तीन दिवस दर्ग्यावर असते. दर्ग्याला चुना देण्याचं काम मुलाण्यांचं, आणि मजारीवर चढवायचा गलेफ डोक्यावर घेऊन जाण्याचा मान सर्जेरावाच्या घराण्याचा. त्या साली सर्जेरावानं मान मुलाला, ऋषिराजला दिला. "समदी गेल्यावर फाट्यावर आपलं एक तरी मानूस पायजे," तो म्हणाला. "पीर मला माफ करंल." आपल्या घराण्याचा मान सोडून माणूस उन्हात फाट्यावर बसतो, याचं वाडीला कौतुक वाटलं. भिंतीवर कुंचला फिरवता फिरवता इब्राहिमचे डोळे दोनदा भरून आले.

चौथ्या दिवशी तो फाट्यावर आला आणि बघत राहिला. सहाशे मीटर तळ आरशासारखा सपाट. वर वाळू पसरलेली, पाणी मारून चोपलेली. मध्यभागी नारळ फुटलेला, हळदकुंकू वाहिलेलं.

"भांडून टाकून घेतली," सर्जेराव म्हणाला. त्याचा चेहरा उन्हानं काळवंडला होता. "नऊ म्हणलास, नऊ इंच. नारळबी फोडून टाकला. आता तू आन तुजं डोळं."

इब्राहिमच्या हातात पहार होती. कुठल्याही तळावर काम सुरू करण्याआधी एका ठिकाणी पहार मारून खालचा थर बघायची त्याची सवय. पण बापाचा दुसराही एक नेम होता, आणि त्या भागातले जुने गवंडी अजून तो पाळतात. ज्या तळावर नारळ फुटला त्यात पुन्हा लोखंड घालायचं नाही. पाया दुखावतो म्हणतात. इब्राहिमनं नारळाकडं बघितलं, सर्जेरावाच्या काळवंडलेल्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पहार बांधावर ठेवून दिली.

एकवीस दिवस काम चाललं. एकूण एक डोळा त्यानं स्वतः बसवला. दोन दोन मीटरवर चार इंची पाइपचा तुकडा उभा करायचा, तोंडाला गोणपाट बांधायचं म्हणजे सिमेंटचं पाणी आत उतरत नाही, भोवतीनं काँक्रीट पडलं की गोणपाट काढून वाळू भरायची. तीनशे डोळे. गुडघे सुजले. लैला रोज तेल लावायची आणि म्हणायची, "एवढं आपल्या घराचं काम केलं असतंसा तर?"

पहिलं पाणी सुटलं तेव्हा सगळी वाडी काठावर होती. पूर्वी पाणी यायचं ते रमतगमत, गवत वाकवत, खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे काढत. या वेळी ते बाणासारखं आलं आणि तसंच निघून गेलं. खाली टोकाला लोकांनी गुलाल उधळला अशी बातमी आली. दुसऱ्या दिवशी एक कोल्हा पात्रात सापडला. पाणी प्यायला उतरला असेल. उताराच्या गुळगुळीत भिंतीवर तो चार पावलं चढायचा आणि घसरून पुन्हा पाण्यात पडायचा. इब्राहिमनं फळी सोडून त्याला बाहेर काढला. काठावरच्या चौघांनी मोबाईलवर चित्रण केलं.

फाट्याला पाणी सुटण्याच्या दुसऱ्या पाळीनंतर विहिरी खाली गेल्या. शकुबाईचं पाणी दोन पुरुष उतरलं. ती इब्राहिमच्या दारात आली. "दादा, डोळं झाकलं का वो?"

"नवी वाळू हाय, बसायला येळ लागतो. वायीच थांबा."

ती थांबली. तिसरी पाळी आली, गेली. भेंडी उभ्या उभ्या वाळली, मोटार हवा ओढायला लागली. काठच्या जांभळीनं अवेळी पानं टाकली. विहिरीमागची माती सुकून आकसली आणि पूर्वेच्या अंगानं इब्राहिमनं तीस वर्षांपूर्वी रचलेली दगडी भिंत पोट काढून ढासळली. या वेळी शकुबाई दारात आली नाही. रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "तुमच्या शब्दावर उठले हुते मी." आणि पुढं गेली.

फाटा बंद होऊन बारा दिवस झाले होते. इब्राहिम भर दुपारी पात्रात उतरला. काँक्रीट इतकं तापलं होतं की वहाणेतून पाय भाजत होते. शकुबाईच्या विहिरीसमोरच्या डोळ्याशी तो गुडघे टेकून बसला आणि हातानं वाळू उपसू लागला. वर गाळाचा पापुद्रा, फार नाही. त्याच्या खाली वाळू ओली. आणखी खाली तर पाण्यात भिजलेली, बोटांमधून निथळणारी.

 बारा दिवस फाटा कोरडा, आणि वाळूत पाणी उभं. म्हणजे हे पाणी खाली जातच नाही. त्यानं कोपरापर्यंत हात घातला. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. माती नाही, मुरूम नाही. पकड आत घालून त्यानं ओढलं तेव्हा तळहाताएवढा तुकडा फाटून हातात आला. काळा, चकचकीत, जाड.

हा कागद त्याच्या ओळखीचा होता. शेततळ्याला आतून घालतात तो प्लॅस्टिकचा कागद. गेल्याच साली त्यानं तो पसरलेला बघितला होता. फाट्याच्या शेवटच्या टोकाला सर्जेरावानं चौदा एकर माळ घेतला, त्यात अर्ध्या एकराचं तळं काढलं. तिथली मोटारीची खोली इब्राहिमनंच बांधली, तिच्या पूजेला पुरणपोळी खाल्ली. पाणी कुठून आणणार, असं त्यानं तेव्हा विचारलं होतं. सर्जेराव म्हणाला होता, "येईल की. वरनं पाणी सुटलं तर खाली येतंयच."

इब्राहिमनं तुकडा झटकून खिशात घातला. तीन दिवस उन्हात बसलेला सर्जेराव त्याला दिसत होता. आधी कागद, कागदावर वाळू, वाळूवर पाणी, पाण्यावर चोपणी, आणि सगळ्यावर नारळ. हा नारळ कुणासाठी फोडला, हे त्याला आत्ता कळलं. सगळ्या वाडीत नारळाला बांधलेला माणूस एकच होता.

सर्जेराव ओसरीत खाटेवर बसला होता. त्याची सून राजेश्वरी चहा ठेवून आत गेली. इब्राहिमनं तुकडा बशीशेजारी ठेवला.

"ह्यो काय हाय, सर्ज्या?"

सर्जेरावानं तुकड्याकडं बघितलं. नवल दाखवायचाही त्यानं प्रयत्न केला नाही. "बस. चा घे आदी."

"कुणी आतरला?"

"ठेकेदारानं. नकाशातच हाय त्यो. अस्तर म्हंजी खाली कागद आन वर काँक्रीट. नुस्तं काँक्रीट तर तडकतंय."

"मग डोळं?"

"डोळं वाडीला दावायला."

"नऊ दिवस बसलो आपुन पात्रात. कशापायी?"

"पयलं चार दिवस खरंच बसलो हुतो, इब्रा. पिराची आण. मग माळावरचं गणित डोक्यात आलं. तितली मानसं का मानसं न्हाईत? चाळीस वर्सं त्येंनी फाटा कोरडा बघितला."

"त्येंच्यासाठी केलंस व्हय?" इब्राहिम म्हणाला. "चौदा एकर त्येंचा हाय?"

सर्जेरावानं बशी तोंडाला लावली.

"दुसरा गवंडी घ्यायचा हुता. मला कशाला घातलंस ह्यात?"

"बारामतीत शंभर गवंडी मिळालं असतं. त्येंच्या शब्दावर शकुबाई उठली असती का?" सर्जेरावाचा आवाज मऊ होता, समजूत काढणारा. "तुला सांगितलं असतं तर तुज्या तोंडावर समद्या वाडीनं वाचलं असतं. तुला खोटं जमत न्हाय. म्हणून तर तुला ठिवला."

इब्राहिमनं तुकडा उचलून खिशात घातला आणि तो उठला. "मी चावडीवर सांगतो."

"सांग की. मग साहेब येतील, पंचनामा हुईल. सरकारी कामात भोक पाडलं म्हणून केस तुज्यावर. आन तू फाडलाय तितं दुसरा कागद चिकटवून देतील, डोळंबी बुजवतील. सांग."

चहावर साय धरली होती.

घरी येऊन त्यानं लैलाला सगळं सांगितलं. ती दारात वाकळ शिवत बसली होती. ऐकताना तिची सुई थांबली नाही. शेवटी म्हणाली, "ओरडून काय व्हणार? कागदच हाय न्हवं? टोचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जाड सळई ऐरणीवर ठोकून तिला दाभणासारखं टोक काढलं. पाचेक हात लांब. आणि दुपारी, पाण्यावर नजर ठेवणारा पाटकरी जेवायला जातो त्या वेळी, पात्रात उतरला. एका डोळ्याची वाळू उकरायची, सळई सोडायची, वरून हातोडा. कागद फाटताना आधी ताणला जायचा, मग सळई एकदम हातभर खाली जायची आणि वाळूत उभं असलेलं पाणी गुडगुड करत उतरायचं. प्रत्येक डोळ्याला चार टोचे. वाळू परत भरायची. पुढचा डोळा.

काठावरून जाणारे विचारायचे, "काय चाललंय, इब्राहिमभाई?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला खोटं पाठ करावं लागलं. "गाळ बसला व्हता. काढतोय."

"म्हंजी तुमचंच काम चुकलं म्हणा की."

"व्हय. चुकलं."

वीस दुपारी लागल्या. त्यानं कुणालाही सांगितलं नाही, शकुबाईलासुद्धा नाही. तिच्या पोटात गोष्ट राहिली नसती. ती सरळ ओरडत साहेबाच्या दारात गेली असती, आणि तिचं चुकलंही नसतं. पण मग डोळे बुजले असते. खरं बोलून नाव राखायचं की गप्प बसून पाणी, दोन्ही एका हातात मावत नव्हतं.

चौथी पाळी आली. फाट्याचं पाणी वाहून गेल्यावर आठव्या दिवशी वाडीच्या विहिरींना पाझर लागला. पूर्वीसारखा नाही, निम्मा असेल, पण लागला. शकुबाईची मोटार पाऊण तास चालली.

वाडी चावडीवर जमली तेव्हा साखरबाई नावाच्या म्हातारीनं इब्राहिमला सगळ्यांदेखत विचारलं, "आदीच गाळ काढला असतास तर मेल्या, माजी दोन शेरडं इकावी लागली नसती. झोपला हुतास व्हय रं?" कुणी हसलं. कुणी म्हणालं, बोंब झाली तवा उघडलं, न्हायतर बसला असता तसाच. ठेकेदारानं काहीतरी चारलं असेल, असंही मागून आलं.

इब्राहिम खाली बघत होता. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. तो हात त्यानं न बघता ओळखला.

"असू द्या, असू द्या," सर्जेराव सगळ्यांना म्हणाला. "हुतं मानसाकडनं. वय झालं इब्राचं. आपलाच मानूस हाय, सांभाळून घ्या."

वाडीनं मान डोलावली. तात्या मोठ्या मनाचा, असं बायकाही म्हणाल्या. इब्राहिमला वाटलं, हात झटकावा आणि खिशातला काळा तुकडा भिरकावून द्यावा सगळ्यांच्या मध्ये. तुकडा खरंच खिशात होता. सर्जेरावाला ते माहीत असावं, कारण त्याची बोटं खांद्यात रुतली होती. खालच्या टोकाला पाणी कमी झालंय हे त्याला कळलं होतं, का झालंय हेही कळलं होतं, आणि तो बोलू शकत नव्हता. इब्राहिमही बोलू शकत नव्हता. नऊ दिवस एका फडक्यातली भाकरी खाल्लेले दोघं आता एका खोट्यात राहत होते, आणि त्यातला एकजण त्याबद्दल मोठ्या मनाचा ठरला होता.

महिन्यानं कोऱ्हाळे बुद्रुकहून एक पिकअप आला. मागं लोखंडी साचे आणि सिमेंटची पोती. गाडीत अल्ताफ नावाचा तरुण गवंडी. त्यानं इब्राहिमलाच थांबवून विचारलं, "चाचा, शकुबाईंची हीर कुठंशी? भित ढासळलीय, आतनं काँक्रीटची गोल भित उभी करायची हाय."

"पुरी खालपतुर?"

"तळापासनं. बाई म्हणल्या, भोकं-बिकं कायबी ठेवू नका. पयल्या मिस्त्रीनं भोकांच्या नावाखाली फसवलंय."

इब्राहिमनं रस्ता दाखवला. गाडी गेली. तो गाडीच्या मागोमाग चालू लागला.

शकुबाई विहिरीवर उभी होती. त्याला बघून तिनं पदर खोचला. "काय मिस्त्री?" इतकी वर्षं ती त्याला दादा म्हणत होती.

"उत्तरंच्या अंगाला, फाट्याकडनं, झरा हाय. तळापासनं दीड हातावर. तेवढा बुजवू नका."

"आता तुमी सांगायचं मला?"

"व्हय."

"मागंबी तुमीच सांगितलं हुतं. समद्या वाडीदेखत."

अल्ताफ साचे उतरवता उतरवता थांबला. इब्राहिमच्या मनात आलं, आत्ता सगळं सांगून टाकावं. कागद, नारळ, सळई. तोंड उघडलंही. पण ऐकून तिनं काय करायचं होतं? विश्वास ठेवायचा होता, पुन्हा एकदा, त्याच माणसाच्या शब्दावर.

"माज्या सांगण्यावर काय करू नका," तो म्हणाला. "खाली उतरा. हात लावून बघा."

 शकुबाईनं पायातल्या वहाणा काढल्या आणि ढासळलेली बाजू सोडून, भिंतीला हात टेकत एकेक पायरी खाली गेली. पासष्टीची बाई, गुडघे कुरकुरत होते. अल्ताफ म्हणाला, "मावशे, जपून." वरून तिचं फक्त पांढरं डोकं दिसत होतं. ती उत्तरेच्या अंगाला वळली, वाकली, आणि तिथं बराच वेळ वाकूनच राहिली.

वर आली तेव्हा हात कोपरापर्यंत ओला होता.

"तितं पाइप घाल," ती अल्ताफला म्हणाली. "दोन घाल. मोठं घाल."

मग तिनं वहाणा घातल्या, पदरानं हात पुसला आणि पोती कुठं ठेवायची ते दाखवायला इब्राहिमच्या जवळून पलीकडं गेली. बसा म्हणाली नाही.  अल्ताफ दोन पाइप मापून कापतो आहे एवढं बघून इब्राहिम बांधावरून घराकडं निघाला.